वॉर्ड पाहून साठा: इंदूरच्या रक्तपेढीत नव्याने रुजू झालेल्यांसाठी

रक्तपेढीत रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच कुणीतरी विचारतं, "आपल्याला महिन्याला किती पिशव्या लागतात?" आकडा रजिस्टरमधून दोन मिनिटांत निघतो. पण नुसत्या त्या आकड्यावर साठा लावायला गेलात तर फसाल. समजा, दोन रुग्णालयांचा खप अगदी सारखा आहे. एकात रक्ताच्या कर्करोगाचा वॉर्ड आहे, दुसऱ्यात रोज पंचवीस-तीस बाळंतपणं होतात. पहिल्याला प्लेटलेट्स कधीच पुरणार नाहीत, आणि दुसऱ्याला नेमकं रात्री दोन वाजता क्रायो (प्लाझ्मापासून काढलेला, रक्त गोठवणाऱ्या घटकांचा अंश) हवं असेल. साठा ठरतो तो खाटेवरच्या आजारावरून. म्हणून हे टिपण आजार धरून लिहिलं आहे. मुख्यतः रक्तपेढीतल्या नव्या तंत्रज्ञांसाठी. पण वॉर्डातले रेसिडेंट आणि रक्तदान शिबिरं भरवणारी मंडळं यांच्याही कामी येईल.

आधी आपल्या गावाचं थोडं. एमवाय (महाराजा यशवंतराव) यासारख्या सरकारी रुग्णालयात शहराबरोबरच धार, झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, खरगोन इथूनही रुग्ण येतात. त्या आदिवासी पट्ट्यात सिकल सेल बरंच आहे. शहरात सिंधी वस्ती मोठी, आणि सिंधी, पंजाबी, लोहाणा अशा काही समाजांत थॅलेसेमियाचे वाहक तुलनेने जास्त आढळतात. आग्रा-मुंबई मार्गावरचे अपघात वर्षभर येत राहतात. पावसाळ्यात सर्पदंश, आणि पाऊस ओसरता ओसरता डेंग्यू. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता इतकी की तिला वेगळा रकाना द्यावा. दुसऱ्या शहरातला साठ्याचा तक्ता इथे जसाच्या तसा लावला तर तो तोकडा पडतो.

पहिली पायरी: रजिस्टर आजारानुसार पुन्हा मांडा

मागच्या बारा महिन्यांचं इश्यू रजिस्टर घ्या आणि नवा तक्ता करा. रकाने असे: तारीख, वॉर्ड, आजार, घटक, रक्तगट, मागितलेल्या पिशव्या, क्रॉसमॅच केलेल्या (रुग्णाच्या रक्ताशी जुळवून राखलेल्या), प्रत्यक्ष लावलेल्या, परत आलेल्या.

'आजार' हा रकाना भरताना घाम फुटेल, कारण निम्म्या फॉर्मवर नुसतं 'ॲनिमिया' किंवा 'अशक्तपणा' लिहिलेलं असतं. तेवढ्यावर थांबू नका. भरतीचा नंबर घेऊन केसपेपर काढा. ॲनिमिया बाळंतिणीचा आहे, किडनीच्या रुग्णाचा, सिकलचा की बी-१२चा, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

तक्ता झाला की मागणीचे तीन ढीग करा. ठरलेली मागणी: थॅलेसेमियाची मुलं, तारीख दिलेल्या शस्त्रक्रिया, केमोथेरपीचे रुग्ण. हंगामी: डेंग्यू, मलेरिया, सर्पदंश. अवचित: बाळंतपणातला रक्तस्राव, अपघात, रक्ताच्या उलट्या. ठरलेल्या मागणीसाठी साठा नव्हे, वेळापत्रक लागतं. हंगामीसाठी शिबिरांच्या तारखा आधी ठरवाव्या लागतात. फ्रीजमध्ये हात न लावता राखून ठेवायचा साठा फक्त अवचित मागणीसाठी. हे तिन्ही एकाच आकड्यात मिसळले की मे महिन्यात पिशव्या कमी पडतात आणि सप्टेंबरात फेकाव्या लागतात.

आणखी एक भागाकार करा: क्रॉसमॅच केलेल्या पिशव्या भागिले लावलेल्या. उत्तर दोनपर्यंत असेल तर ठीक. एखाद्या विभागाचं चार आलं, तर तिथले सर्जन सवयीने पिशव्या अडकवून ठेवतात असं समजा. अशांसाठी शस्त्रक्रियेनुसार यादी करून घ्या: साध्या सिझेरियनला फक्त रक्तगट आणि अँटिबॉडी स्क्रीन (रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी), जिथे रक्त लागतंच तिथे नक्की किती पिशव्या. यादीवर विभागप्रमुखांची सही घ्या. नाहीतर पहिल्याच वादात ती यादी कागदावरच राहते.

दुसरी पायरी: कुठला घटक किती दिवस टिकतो

हे पाठच हवं. लाल पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसवर ठेवतात. सीपीडीए-१ या गोठणरोधक द्रावणाच्या पिशवीत ३५ दिवस, सॅगएम हे पोषक द्रावण घातलेल्या पिशवीत ४२ दिवस. प्लेटलेट्स २० ते २४ अंशांवर, सतत हलत्या ॲजिटेटरवर, फक्त ५ दिवस. प्लाझ्मा उणे ३० अंश किंवा त्याखाली, एक वर्ष. क्रायोही तसंच, एक वर्ष.

प्लेटलेट्सचे पाच दिवस हे कागदावरचे पाच. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस आणि मलेरिया या सक्तीच्या तपासण्या होऊन पिशवी मोकळी व्हायला एक दिवस जातो. रविवारच्या शिबिराच्या प्लेटलेट्स हाती येतात सोमवारी, आणि संपतात शुक्रवारी.

प्लाझ्मा आणि क्रायो वर्षभर टिकतात म्हणून तिकडे दुर्लक्ष होतं. मात्र गोठलेली पिशवी मागितल्याबरोबर देता येत नाही. ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ती वितळायला २० ते ३० मिनिटं लागतात. पिशवीवर दुसरं प्लॅस्टिक घाला, कारण गोठलेल्या पिशवीला तडा गेला तर बाथमधलं पाणी आत शिरतं. वितळलेला प्लाझ्मा पुन्हा गोठवायचा नाही. वितळलेलं क्रायो परत थंड करायचं नाही. खोलीच्या तापमानाला ठेवून सहा तासांत लावायचं.

तिसरी पायरी: वॉर्डांची फेरी

प्लेटलेट्सपासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. समजा एकाच दिवशी पाच फॉर्म आले आणि पाचही रुग्णांच्या प्लेटलेट्स ८,००० आहेत. पाचांना पाच वेगळी उत्तरं द्यावी लागतात.

पहिला ल्युकेमियाचा, केमोथेरपी चालू. त्याच्या अस्थिमज्जेत पेशी तयारच होत नाहीत. रक्तस्राव नसला तरी १०,०००च्या खाली प्लेटलेट्स द्यायच्या. ताप किंवा जंतुसंसर्ग असेल तर २०,०००च्या खाली. मोठ्या माणसाला एक एसडीपी (एकाच दात्याकडून यंत्राने काढलेल्या प्लेटलेट्स), किंवा साध्या पिशव्यांतून काढलेल्या ५ ते ६ आरडीपी. एक आरडीपी संख्या साधारण ५ ते १० हजारांनी वाढवते, एसडीपी ३० ते ५० हजारांनी. अशा रुग्णाला दोन-तीन आठवडे जवळजवळ एक दिवसाआड मागणी राहते, म्हणजे हा 'ठरलेल्या' ढिगातला रुग्ण. केमो सुरू झाल्याचं वॉर्डने त्याच दिवशी रक्तपेढीला कळवायला हवं. ल्युकेमिया प्रोमायलोसायटिक प्रकारचा असेल तर गोठणक्रियाच बिघडलेली असते. तिथे प्लेटलेट्सची पातळी वरची ठेवतात आणि फायब्रिनोजेनसाठी (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनासाठी) क्रायोही लागतं. ही मागणी आली की वाट पाहायची नाही.

दुसरा आयटीपीचा. शरीर स्वतःच प्लेटलेट्स मारून टाकत असतं, दिलेल्याही टिकत नाहीत. उपचार स्टेरॉइड किंवा इम्युनोग्लोब्युलिन. जीवघेणा रक्तस्राव असेल तरच प्लेटलेट्स.

तिसरा टीटीपीचा, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होणाऱ्या आजाराचा. इथे प्लेटलेट्स दिल्याने नुकसान होऊ शकतं. त्याला हवं असतं प्लाझ्मा एक्सचेंज, म्हणजे त्याचा प्लाझ्मा काढून दात्यांचा भरणं. हिशेब करा: ६० किलोचा माणूस, किलोमागे ४० मिलीलीटर प्लाझ्मा, म्हणजे २,४०० मिलीलीटर. २०० मिलीची पिशवी धरली तर एका दिवसाला १२. दीडपट एक्सचेंज असेल तर १८. हे रोज, आणि बहुधा आठवडाभर तरी. एकच रुग्ण शंभराच्या घरात पिशव्या नेऊ शकतो. निदानाचा संशय आल्याबरोबर फ्रीझरमधला त्या गटाचा प्लाझ्मा मोजा आणि शेजारच्या रक्तपेढ्यांना फोन करा. गीयाँ-बारे या नसांच्या आजारातही प्लाझ्मा एक्सचेंज होतं, पण तिथे बदली द्रव म्हणून मुख्यतः अल्ब्युमिन वापरतात. दोन्ही फॉर्मवर 'प्लाझ्माफेरेसिस' एवढंच लिहिलेलं असतं, तेव्हा विचारून घ्या.

चौथा बी-१२चा. हिमोग्लोबिन ४, पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट्स कमी; पाहणाऱ्याला वाटतं ल्युकेमिया. स्मिअरमध्ये (काचपट्टीवर पसरलेल्या रक्तात) मोठाल्या लाल पेशी आणि जास्त खंडांची केंद्रकं दिसली तर आधी बी-१२ आणि फोलेटचा नमुना काढून ठेवायचा, मग इंजेक्शन. रक्त दिल्यावर नमुना काढला तर निकालाचा भरवसा राहत नाही. अशा रुग्णाचं हृदय कमी रक्ताशी जुळवून घेतलेलं असतं. एका दिवसात तीन-चार पिशव्या चढवल्या तर फुप्फुसांत पाणी भरतं. फारच दम लागत असेल तर एकच पिशवी, अगदी हळू, आणि पुन्हा तपासणी. बऱ्याच जणांचं काम इंजेक्शनांवरच भागतं. इंदूरमध्ये या एका आजाराची चौकशी नीट केली तरी लाल पेशींची मागणी कमी होते, असं आमचं मत.

पाचवा डेंग्यूचा, आणि या आजारात आकडा ८,०००पर्यंत उतरायच्या कितीतरी आधीच नातेवाईक काउंटरवर असतात. "ताई, पेशी चाळीस हजारांवर आल्या, काहीतरी करा हो!" सोबत पपईच्या पानांचा रसही आलेला असतो. त्यांना शांतपणे सांगा: डेंग्यूत जीव जातो तो मुख्यतः रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा झिरपल्याने. लक्ष ठेवायचं ते हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) वाढतंय का, पोट दुखतंय का, उलट्या थांबत नाहीत का, लघवी कमी झाली का, यावर. रक्तस्राव नसेल तर ४० हजारांवर प्लेटलेट्स देत नाहीत. १०,०००च्या खाली गेल्यावर डॉक्टर रुग्ण पाहून ठरवतात. ताप उतरल्यावर संख्या बहुतेकांची एक-दोन दिवसांत आपोआप वाढू लागते. अचानक खूप कमी आकडा आला तर आणखी एक शक्यता तपासा: जांभळ्या झाकणाच्या नळीत प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात आणि मशीन कमी मोजतं. स्मिअर पाहिल्याशिवाय पिशवी सोडू नका.

एक मात्र ध्यानात ठेवा. क्लोपिडोग्रेल किंवा ॲस्पिरिन ही गुठळ्या रोखणारी औषधं घेणाऱ्या हृदयरुग्णाची संख्या दोन लाख असली तरी त्या पेशी कामाच्या नसतात. तातडीच्या बायपासनंतर अशा रुग्णाला रक्तस्राव होऊ लागला तर आकडा पाहून मागणी नाकारायची नाही.

आता प्रसूती विभाग. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव म्हणजे रक्तपेढीची खरी परीक्षा. इथे फायब्रिनोजेन सगळ्यात आधी खाली येतं. गर्भारपणाच्या शेवटी ते डेसिलीटरमागे साधारण ४०० ते ६०० मिलिग्रॅम असतं, म्हणून २०० हा आकडा लॅबच्या छापील मर्यादेत बसला तरी वाहणाऱ्या बाळंतिणीसाठी तो धोक्याचा. क्रायोच्या १० पिशव्या लागतील असं धरून चला. एका पिशवीत १५ ते २० मिलीच असतात. लाल पेशी आणि प्लाझ्मा बरोबरीने द्यायचे. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध) १ ग्रॅम तीन तासांच्या आत, हे वॉर्डचं काम, पण फोनवर आठवण करून द्यायला काय हरकत आहे? पहिला फोन आला की पहिला पॅक (४ लाल, ४ प्लाझ्मा) काढतानाच पुढच्या पॅकचा प्लाझ्मा बाथमध्ये टाका. दुसऱ्या फोनची वाट पाहिलीत तर अर्धा तास गेला. वार गर्भाशयात रुतलेली असल्याचं सोनोग्राफीत आधीच दिसलं असेल, तर ती शस्त्रक्रिया अवचित नव्हे, ठरलेली. तारीख मागून घ्या.

रक्तगट निगेटिव्ह असलेल्या आईचं बाळ पॉझिटिव्ह निघालं तर आईला अँटी-डीचं इंजेक्शन, ३०० मायक्रोग्रॅम, ७२ तासांच्या आत. हे चुकलं की पुढच्या बाळंतपणात कावीळ झालेलं बाळ एक्सचेंजसाठी (सगळं रक्त बदलण्यासाठी) आपल्याकडेच येतं. त्या एक्सचेंजला किलोमागे सुमारे १६० मिली रक्त लागतं, तीन किलोच्या बाळाला ४८० मिली. पिशवी पाच दिवसांपेक्षा जुनी नको, आणि क्रॉसमॅच आईच्या रक्ताशी करायचा.

थॅलेसेमियाच्या मुलांचं गणित सरळ, पण शिस्तीचं. दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त, तेही हिमोग्लोबिन ९ ते १०च्या खाली घसरू न देता. किलोमागे १० ते १५ मिली. पिशवी शक्यतो दोन आठवड्यांच्या आतली, ल्युकोफिल्टर केलेली (पांढऱ्या पेशी गाळलेली), आणि एबीओ-डीशिवाय आरएचचे सी, ई हे प्रतिजन (लाल पेशींवरच्या खुणा) व केल हा प्रतिजन यांच्याशीही जुळणारी. एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं, म्हणून लोह काढणारं औषध आणि फेरिटिनची (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची) तपासणी यांची नोंद कार्डावर हवी. आठ किलोच्या मुलाला शंभर-सव्वाशे मिली पुरतं. उरलेली पिशवी फेकण्यापेक्षा आधीच निर्जंतुक जोडणी यंत्राने लहान पिशव्यांत वाटून घ्या.

थॅलेसेमिया, सिकल सेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांकडे बदली रक्तदाता मागायचा नाही. दर तीन आठवड्यांनी कुठला बाप नवा दाता आणणार? मागितला की दारात दलाल उभे राहतात. पैसे घेऊन रक्त देणं १ जानेवारी १९९८पासून देशात बंद आहे, पण बदलीची सक्ती जिथे असते तिथे ते मागच्या दाराने येतं.

सिकल सेलमध्ये उलटा विचार. नुसत्या अंगदुखीच्या झटक्याला रक्त लागत नाही. पाणी, वेदनाशामक आणि ऑक्सिजनवर भागतं. रुग्णाचं नेहमीचं हिमोग्लोबिन ७-८च असतं, ते 'दुरुस्त' करू नका. १०च्या वर नेलं तर रक्त दाट होऊन त्रास वाढतो. रक्त लागतं ते पक्षाघात, छातीचा तीव्र आजार, प्लीहेत रक्त अडकणं अशा वेळी, आणि तेव्हा बहुधा एक्सचेंजच: मोठ्या माणसाला ६ ते ८ पिशव्या, सिकल-निगेटिव्ह दात्यांच्या. धार-झाबुआकडच्या शिबिरांत एक गोष्ट हमखास घडते. एखादी पिशवी ल्युकोफिल्टरमधून पुढेच सरकत नाही. फिल्टरला दोष देण्याआधी दात्याची सिकल तपासणी करा, वाहकाच्या पेशी फिल्टर तुंबवतात. राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यात, शहडोलला सुरू झाली. तिच्यातल्या तपासणीचं कार्ड रुग्णाकडे असलं तर फॉर्मला त्याची प्रत जोडा.

सर्पदंशाचा फॉर्म जुलैत सुरू होतो. घोणस किंवा फुरसं चावलं की विष गोठणारे घटक खाऊन टाकतं. आधी प्लाझ्मा दिला तर विषाला आणखी खाद्य मिळतं, तेव्हा आधी प्रतिविष. तपासणी २० मिनिटांची: स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त, न हलवता ठेवून ते गोठतं का पाहायचं. प्लॅस्टिकच्या नळीत रक्त गोठायला वेळ लागतो आणि उगाच भीती वाढते. प्रतिविष किती आणि कधी दिलं हे फॉर्मवर नसेल तर फोन करून विचारा.

बाकीच्यांचं थोडक्यात. यकृताच्या रुग्णाला रक्तस्राव नसताना केवळ आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा) सुधारायला प्लाझ्मा देऊ नये. लीटरभर द्रवाने शिरांतला दाब वाढतो. रक्ताच्या उलट्या होत असल्या तरी हिमोग्लोबिन ७-८वर थांबायचं. किडनीच्या रुग्णाला आधी लोह आणि एरिथ्रोपोएटिन (लाल पेशी वाढवणारं इंजेक्शन). प्रत्यारोपण व्हायचं असेल तर रक्त शक्यतो टाळायचं, द्यावंच लागलं तर ल्युकोफिल्टरमधून आणि डायलिसिस चालू असताना. हिमोफिलिया ए साठी फॅक्टर ८ हवा, तो नसेल तर क्रायो. हिमोफिलिया बी ला क्रायोचा उपयोग नाही, तिथे फॅक्टर ९, तो नसेल तर प्लाझ्मा. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची शक्यता असलेल्या रुग्णाला सख्ख्या भावा-बहिणीचं रक्त देऊ नका. नातेवाईक प्रेमाने रांगेत उभे राहतात. त्यांचं रक्त घ्या, दुसऱ्याला द्या. अशा रुग्णांना २५ ग्रे मात्रेची विकिरणित पिशवी लागते.

चौथी पायरी: किमान साठ्याचा आकडा

नमुन्यादाखल धरा, तुमच्याकडे थॅलेसेमियाची ६० मुलं आहेत. निम्म्यांना एक पिशवी, निम्म्यांना दोन, दर तीन आठवड्यांनी. म्हणजे २१ दिवसांत ९०, आठवड्याला ३०. ही तीस रोजच्या साठ्यात मोजायचीच नाहीत. वेगळ्या शेल्फवर, मुलाच्या नावाने ठेवायची. उरलेल्या मागणीची गटवार रोजची सरासरी काढा आणि निदान पाच-सात दिवसांची तरी तजवीज ठेवा. आपल्याकडे बी आणि ओ गट जास्त, एबी सगळ्यात कमी, आणि आरएच निगेटिव्ह शंभरात साधारण पाच. एबीच्या लाल पेशी जास्त साठवल्यात तर त्या मुदत संपेपर्यंत तशाच पडून राहतील. एबीचा प्लाझ्मा मात्र एकही वाया घालवू नका, गट माहीत नसलेल्या अपघातग्रस्ताला तोच चालतो.

ओ निगेटिव्हच्या निदान दोन पिशव्या कायम राखीव. त्या पहिल्यांदा तरुण मुली-बायकांसाठी. पुरुष अपघातग्रस्ताला तातडीत ओ पॉझिटिव्ह देता येतं. मुदत दहा दिवसांवर आली की त्या ओ निगेटिव्ह रुग्णाला देऊन नव्या आणून ठेवा.

ओ समजून घेतलेल्या एखाद्या रुग्णाचा नमुना सगळ्याच ओ पिशव्यांशी जुळेनासा झाला तर अँटी-एच (ओ पेशींवरचा एच प्रतिजन ओळखणारं द्रावण) लावून पाहा. बाँबे गट असू शकतो. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला हा गट भारतात साधारण दहा हजारांत एक सापडतो. त्याला त्याच गटाचं रक्त लागतं. त्यासाठी दात्यांची यादी आधीच करून ठेवावी लागते, ऐनवेळी शोधाशोध करून भागत नाही.

पाचवी पायरी: फॉर्म, नमुना आणि वॉर्डातला फ्रीज

जुळत नसलेलं रक्त चढण्याचं मुख्य कारण प्रयोगशाळेत नसतं, खाटेपाशी असतं: नळीवर नाव आधीच लिहून ठेवलेलं, किंवा दोन रुग्णांच्या नळ्यांची अदलाबदल. नाव आणि भरती क्रमांक रुग्णाजवळ, रक्त काढल्यावर लिहायचा. पहिल्यांदाच येणाऱ्या रुग्णाचा गट दुसऱ्या वेळी काढलेल्या वेगळ्या नमुन्यावर पुन्हा करा. रेसिडेंट कुरकुर करतील, करू द्या.

सिस्टरना तीन गोष्टी सांगून ठेवा. प्लेटलेट्स फ्रीजमध्ये नाहीत, आल्या की लगेच, २०-३० मिनिटांत लावायच्या. लाल पेशी बाहेर काढल्यावर अर्ध्या तासात सुरू आणि चार तासांत पूर्ण. लावायची नसेल तर अर्ध्या तासाच्या आत परत, वॉर्डच्या फ्रीजमध्ये इंजेक्शनांशेजारी नाही. त्याच नळीतून फक्त नॉर्मल सलाइन: रिंगर लॅक्टेटमधलं कॅल्शियम रक्त गोठवतं, डेक्स्ट्रोजने पेशी फुटतात. आणि गरम पाण्याच्या बादलीत पिशवी बुडवणाऱ्या मावशींना कुणीतरी वेळीच थांबवा.

सहावी पायरी: शिबिरांच्या तारखा

मे-जूनमध्ये उन्हाळा, लग्नं आणि बंद कॉलेजं यांमुळे दाते आटतात. थॅलेसेमियाची मुलं मात्र येतच राहतात. दिवाळीतही तसंच. गणेशोत्सवात रामबाग, लोकमान्य नगरपासून कितीतरी मंडळं शिबिरं घेतात, आणि तोच डेंग्यूचा काळ, म्हणजे प्लेटलेट्ससाठी सोन्यासारखा. अडचण एवढीच की सगळ्यांना तोच रविवार हवा असतो. दोनशे पिशव्या एका दिवशी आल्या तर लाल पेशी निभतात, प्लेटलेट्स शुक्रवारी एकदम मरतात. मंडळांच्या अध्यक्षांना जुलैतच बसवा आणि दिवस वाटून द्या. निम्म्यांना मंगळवार-बुधवार संध्याकाळ चालते, फक्त विचारावं लागतं. एखादं मंडळ गणपतीऐवजी मे महिन्यात शिबिर घ्यायला तयार झालं तर त्याचं म्हणाल तेवढं कौतुक करा.

शिबिरात ५५ किलोंवरच्या दात्यांकडून ४५० मिली, ४५ ते ५५ किलोंच्यांकडून ३५० मिली. हिमोग्लोबिन निदान १२.५. पुरुषांनी ९० दिवसांनी, बायकांनी १२० दिवसांनी पुन्हा द्यायचं. गेल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलं असेल तर त्या पिशवीतून प्लेटलेट्स काढायच्या नाहीत, तसा शिक्का मारा. ज्या पिशव्यांतून प्लेटलेट्स काढायच्या त्या बर्फात ठेवू नका, २० ते २४ अंशांवर न्या आणि सहा तासांच्या आत सेंट्रिफ्यूजला लावा. महूहून किंवा देवासहून गाडी येणार असेल तर शेवटच्या दात्याची वाट न पाहता पहिली खेप दुपारीच पाठवून द्या.